स्वतःच्याच खुर्चीची मुलाखत

सत्यशीलाचा आवाज कचेरीच्या फाटकापर्यंत ऐकू जायचा. यवतमाळच्या त्या सरकारी कचेरीत निराधारांच्या पगाराची एक खिडकी आहे. विधवांना, म्हाताऱ्यांना सरकार महिन्याकाठी जे काही देतं, त्याला आमच्याकडे पगारच म्हणतात. त्या खिडकीच्या आत ती बसायची आणि रांगेतला माणूस कितीही बहिरा असो, त्याला तिचं बोलणं कळायचंच. "ओ बाबा, मागच्या बारीलेच सांगतलं होतं नं तुमाले, पासबुकाची झेराक्स आना म्हनून? मंग आनलं काय? बिडीबंडल?" असं ती त्याच्या अंगावर ओरडायची आणि ओरडता ओरडताच त्याच्या हातातलं पासबुक ओढून घेऊन कचेरीच्या मशीनवर झेरॉक्स काढून आणायची. शिव्याही तिच्याच आणि झेरॉक्सही तिचीच. लोकांना तिची सवय झाली होती. ज्या दिवशी ती ओरडायची नाही, त्या दिवशी रांगेतली माणसं एकमेकांना विचारायची, बाईची तब्येत बरोबर नाही का म्हणून.

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. सत्यशीला सरकारी नोकर नव्हती, कंत्राटी होती. बारावीनंतर लग्न, लग्नानंतर मराठी टायपिंगची परीक्षा आणि मग कुठल्याशा एजन्सीमार्फत ही खुर्ची. तेव्हा तिची पोरगी मैत्रेयी अंगणवाडीत जायची, आता ती कॉलेजात होती. मधल्या काळात एजन्स्या किती आल्या आणि किती गेल्या. एजन्सी बदलली की गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी निळीची लाल व्हायची, लालची हिरवी व्हायची, पण मान तीच आणि खुर्ची तीच. घर लोहाऱ्याला. नवरा अश्वजित तिथल्याच एमआयडीसीत एका तेलाच्या मिलमध्ये, तोही कंत्राटीच, आणि मिल चालण्यापेक्षा बंदच जास्त. म्हणजे घर चालायचं ते सत्यशीलाच्या खुर्चीवर. मैत्रेयीला नर्सिंगला घालायचं होतं, तेही त्याच खुर्चीच्या भरवशावर.

तिला देवी करून ठेवायचं मात्र काही कारण नाही. चुका तीही करायची. एकदा एका बाईच्या खात्याचा आकडा तिच्या हातून चुकला आणि त्या बाईचा पगार भलतीकडेच जमा होत राहिला. बाई रडत आली, तर सत्यशीला म्हणाली, "कम्प्युटर घेऊन नाई राह्यला वो, मी काय करू?" चूक गुपचूप दुरुस्त केली, पण कबूल केली नाही. कम्प्युटर बिचारा काय बोलणार!

आणि तिची एक रीत होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद व्हायची. पण हिवरीकडून, अकोला बाजारकडून आलेल्या म्हाताऱ्या माणसांची परतीची एसटी नेमकी त्याच वेळेला. गाडी चुकली की बसा संध्याकाळपर्यंत स्टँडवर. मग सत्यशीलानंच लोकांना सांगून ठेवलं होतं, "ज्याची एसटी आहे त्यानं खिडकी वाजवाची. मी जेवताजेवता पाहून देईन." झालं. तेव्हापासून डाव्या हातानं खिडकी उघडायची, उजव्या हातात घास, असं तिचं रोजचं जेवण. मोठे बाबू पंजाबराव, म्हणजे कचेरीचे हेडक्लार्क, समोर बसून तिच्या डब्यातली जवसाची चटणी खात म्हणायचे, "तू अशीच मरशीन एक दिवस, पन खिडकी बंद नाई करशीन."

यंदा पुन्हा एजन्सी बदलली. नव्या एजन्सीचा माणूस अतुल कचेरीत आला. पोरगा तसा चांगला होता, बोलायला नरम. सत्यशीलानं सवयीनं हात पुढे केला, नव्या रंगाची पट्टी घ्यायला.

"यावेळी जरा येगळं आहे ताई," अतुल म्हणाला. "सगळ्यायले नव्यानं अर्ज करा लागते. मुलाखत होईन."

"कायची मुलाखत? माह्याच खुर्चीची?"

"हाव."

"कोन घेनार?"

अतुलनं मोबाईल वर करून दाखवला. "हे घेते. एआय. लिंक येईन, ते दाबाची. ते प्रश्न इचारते, तुमी उत्तर द्याचं. झालं."

"अन् तू काय करशीन मंग?"

"मी लिंक पाठवतो नं," अतुल म्हणाला. त्यात त्याला काही हसण्यासारखं वाटलं नाही.

पंजाबरावांनी तर ही गोष्ट चटणीबरोबरच गिळून टाकली. "अव, फार्म्यालिटी आहे ते. तुले कोन काढते? तुह्याबिगर हे खिडकी एक दिवस तरी चालते का?" बाबूंचा शब्द म्हणजे कचेरीचा शब्द. सत्यशीला निश्चिंत झाली. तिथंच तिचं चुकलं, पण ते नंतर कळायचं होतं.

घरी मैत्रेयीनं तिला धडे दिले. "आई, मोबाईलच्या डोळ्यात पाहाचं. इकडेतिकडे पाहाचं नाई. तिथं दुसरं मानूस नाई पायजे, दुसरा आवाज नाई पायजे. अन् ओरडू नोको."

"मी कवा ओरडते?" सत्यशीला ओरडली.

लिंक आली ती कामाच्या दिवशी, भर सकाळी, आणि त्याच संध्याकाळी बंद होणार होती. माणसानं कामं टाकून कुठं जावं, याचा विचार त्या यंत्रानं कशाला करावा? लोहाऱ्याच्या घरी रेंज यायची ती न्हाणीच्या मागे उभं राहिलं तर. तिथं उभं राहून का मुलाखत द्यायची? तिनं ठरवलं, कचेरीतच जेवणाच्या सुट्टीत उरकून टाकू. पंजाबराव सोडले तर तेवढा वेळ खोलीत कुणी नसतं, आणि एसटीवाल्यांना एक दिवस थांबवता येईल. पंजाबरावांना तिनं डबा देऊन बाहेर पिटाळलं, खिडकी ओढून घेतली, दाराला कडी घातली, पाण्याच्या बाटलीला मोबाईल टेकवला आणि पदर सारखा करून बसली.

पडद्यावर एका बाईचा चेहरा आला. गोरा, गुळगुळीत, हसरा. पापण्यासुद्धा हलत होत्या.

"नमस्कार सत्यशीला! तुम्हाला भेटून आनंद झाला."

तोंडावर आलेला जय भीम तिनं गिळला आणि म्हणाली, "नमस्कार मॅडम." मग मशीनला मॅडम म्हटल्याची तिची तिलाच लाज वाटली.

पहिला प्रश्न स्वतःबद्दल सांगा. तो झाला. दुसरा प्रश्न, तुमची सर्वात मोठी कमजोरी कोणती? आता बोला! आपली कमजोरी आपण होऊन कोण सांगतं? ती सांगायला शेजारीपाजारी असतात, नणदा असतात. पण सत्यशीलानं खरं तेच सांगितलं, "आवाज मोठा आहे माझा. मन वाईट नाही." चेहरा हसत राहिला. तो कशालाही हसत होता.

तिसरा प्रश्न आला, "नाराज ग्राहकाला तुम्ही कसं हाताळलं, असा एखादा प्रसंग सांगा." ग्राहक म्हणजे कोण, हे समजून घेण्यातच तिचे दोन क्षण गेले. तिच्याकडे ग्राहक कधी आलाच नव्हता, माणसं यायची. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उलटा धावत होता. तिनं घसा साफ केला आणि नेमकी खिडकी वाजली.

तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "आमच्या खिडकीवर एकदा..." म्हणून सुरुवातही केली. पुन्हा खिडकी वाजली.

"सत्यशीलाबाई... वो बाई... माही एसटी जाते वो."

तो आवाज धुरपताबाईचा होता. हिवरीच्या पलीकडच्या खेड्यातली म्हातारी. मुलगा नाही, मुलगी दूर दिलेली, गुडघे गेलेले. तीन महिन्यांपासून तिचा पगार अडकला होता आणि ती दर वेळेला रिकाम्या हातानं परत जात होती. दुसरं कुणी असतं तर सत्यशीला कदाचित नसती उठली. कदाचितच हो. तिनं मोबाईलकडे पाहून "एक मिंट मॅडम" म्हटलं आणि डाव्या हातानं खिडकी उघडली.

"थांब नं माय जराशी. मी मुलाखत देऊन राह्यली."

"कोनाले?" म्हणून धुरपताबाईनं अख्खी मान आत घातली. पडद्यावरचा हसरा चेहरा तिला दिसला. "हे कोन बाई? साहेबीन आहे का?"

"कोनी नाई. तू सांग, काय झालं?"

"आंगठाच उमटत नाई म्हनते तो बँकेचा पोट्टा. मंग मी जित्ती आहो का मेली, त्याले कसं कळन म्हनते."

सत्यशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि एकदा ती आग गेली की तिला मुलाखत काय आणि मोबाईल काय, काही सुधरत नसे. "कसं कळन मंजे? समोर उभी नाई दिसत त्या भैताडाले?" असं कचेरी दणाणून जाईल एवढ्यांदा ती म्हणाली, कम्प्युटरवर म्हातारीचं नाव काढलं, अडलं कुठं ते पाहिलं, बँकेत कुणाला भेटायचं, काय म्हणायचं, ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. "अन् भेऊ नोको. थकलेला सगळा जमा होते एकडाव. जा आता, पय, गाडी जाईन."

म्हातारी तिला आशीर्वाद देत निघून गेली. सत्यशीला वळली तर चेहरा तसाच हसत होता. "धन्यवाद. या प्रश्नाची वेळ संपली आहे. पुढचा प्रश्न."

नाराज माणसाला कसं हाताळता म्हणून विचारत होती ना ती बया? तिच्या डोळ्यांदेखत तर हाताळलं! यापेक्षा मोठं उत्तर आणखी कोणतं द्यायचं होतं? पण तिला उत्तर तोंडून, समोर बघून आणि वेळेत पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला. आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मैत्रेयीनं मेल उघडून खालची बारीक अक्षरं वाचली आणि मोबाईल पालथा ठेवला.

"काय लिवलं?"

"मुलाखतीत दुसऱ्या मानसाची मदत घेतली, असं लिवलं."

"मंजे?"

"मंजे तू कॉपी केली, असं म्हनते ते."

सत्यशीलानं मोबाईल उचलून पुन्हा पाहिला. कॉपी! अंगठा उमटत नाही म्हणून रडणाऱ्या धुरपताबाईनं तिला उत्तरं पुरवली? नोकरी गेली याचा धक्का नंतर बसला. आधी झोंबला तो चोरीचा आळ, आणि तो पोरीच्या तोंडून ऐकावा लागला. "मले तोंडावर सांगा म्हना," ती अश्वजितला म्हणाली, "ज्यानं कोनी हे लिवलं त्यानं माह्यासमोर येऊन सांगाव." अश्वजित काय सांगणार? त्याची मिल बंद होती.

जुनं कंत्राट महिनाअखेरपर्यंत होतं, तोवर खिडकी तिच्याकडेच होती. मग सुरू झाली टोलवाटोलवी. एजन्सीच्या नंबरावर फोन केला तर तिथंही एक गोड आवाज, "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे." यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. सत्यशीला म्हणाली, "मानूस द्या." गोड आवाज म्हणाला, "मला समजलं नाही." ती ओरडली, "मानूस! मानूस द्या मले एखादा!" रांगेतल्या बायका खिडकीतून वाकून पाहू लागल्या. पलीकडे फोन ठेवून दिला गेला, तोही कुणा माणसानं ठेवला नसणार.

पंजाबरावांकडे गेली तर त्यांनी कानावर हात ठेवले. "आता माह्या हातात काय आहे सत्यशीला? मशीनचं काम आहे ते. वरतून आहे." आणि त्या दुपारी ते चटणी खायला आलेच नाहीत. साहेबांच्या खोलीत काही काम निघालं म्हणे.

अतुल कचेरीत आला तसा तिनं त्याला दारातच धरला. "तू पाह्यलं आहे मले काम करतानी. सांग तुह्या एजन्सीले, म्हतारी आलती म्हनून."

"सांगून पाह्यलं ताई. पन नाव रिजेक्टात गेलं की सिस्टीम पुन्हा घेत नाई."

सिस्टीम घेत नाही. हे वाक्य ऐकून सत्यशीलाची मान खाली गेली. हे तर तिचंच वाक्य होतं. खिडकीच्या आत बसून तिनं ते किती जणांना ऐकवलं असेल. बाहेरून ऐकताना ते वाक्य म्हणजे तोंडावर आपटलेलं दार होतं. तिला स्वतःचाही राग आला, पण तो राग घेऊन जायचं कुठं, तेही सुचेना.

अतुलला काय वाटलं कोण जाणे. जाता जाता तो हळूच म्हणाला, "खरं सांगू का ताई? हे मुलाखतीचं कामच नव्हतं. आमच्या हापिसातून तुमच्या मोठ्या बाबूले फोन गेलता, जुनी मानसं ठेवाची का म्हनून. त्यायनं नुसतं हो म्हनलं असतं, तर तुमाले लिंकच नसती आली."

"मंग बाबू काय म्हनले?"

"ते मले नाई माईत. त्यायलेच इचारा."

तिनं लगेच विचारलं नाही. पंजाबराव! एवढी वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस! त्यांच्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी हीच सत्यशीला दवाखान्यात जागली होती. तिला वाटलं अतुल खोटं बोलतो. मग वाटलं, त्याला खोटं बोलून काय मिळतं? दोन दिवस ती खिडकीत कुणावरही ओरडली नाही.

नवा महिना लागला. सकाळी सत्यशीला रोजच्यासारखी आली, रोजच्यासारखी खिडकी उघडली आणि खुर्चीवर बसली. तिचं लॉगिन बंद झालं होतं. तरी ती बसली, टेबलावर हात ठेवून. थोड्या वेळानं एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. पुसदची वैष्णवी, नवी निवड. गळ्यात कोरी करकरीत केशरी पट्टी.

"मॅडम, मला इथं जॉईन व्हायला सांगितलं," ती चाचरत म्हणाली. असल्या मशीनसमोर आतापर्यंत किती वेळा बसले याचा हिशोबसुद्धा तिनं ठेवला नव्हता. मागे कोरी भिंत करून, घरच्यांना अंगणात बसवून, पाठ केलेलं बोलायचं. यावेळी नंबर लागला एवढंच.

"तू त्या बाकावर बस बाई," सत्यशीला म्हणाली. "तुह्याशी माहं भांडन नाई. पन मी उठत नाई. ज्यानं मले काढलं त्यानं येऊन सांगाव, मंग उठते."

रांग वाढत गेली. साहेब दौऱ्यावर होते. अतुल धावत आला आणि हात जोडले, "ताई, सिस्टीममधून नाव गेलं तुमचं. आता बसून काय फायदा?"

"मंग त्या सिस्टीमलेच म्हना, हात धरून उठव मले."

पंजाबराव दोनदा दारापर्यंत येऊन गेले. एकदा चहाला गेले, एकदा कुणाचा तरी फोन घेत बाहेर गेले. तिसऱ्यांदा मात्र त्यांना आत यावंच लागलं, कारण रांगेतल्या लोकांनी गलका केला होता.

"हे पाय सत्यशीला, लोकायसमोर तमाशा नोको करू. त्या मशीननं..."

"मशीनचं नाव नोका घेऊ बाबूजी. तुमाले फोन आलता का नाई? जुनी मानसं ठेवाची का म्हनून?"

पंजाबरावांनी रांगेकडे पाहिलं, मग अतुलकडे. अतुल खाली पाहत होता.

"आलता," ते म्हणाले.

"अन् तुमी काय म्हनलं?"

"तुमच्या नियमानं करा म्हनलं."

"काहून?"

पंजाबरावांना ते सांगणं जड गेलं. "कायले आंगावर घ्या, म्हनून. रिटायर व्हाले आलो मी. उद्या कोनी म्हनलं असतं, बाबूनं आपलं मानूस चिटकवलं. मले वाटलं, तू तर निवडून येशीनच. तुले कोन पाडते?"

इतके दिवस सत्यशीला जे मागत फिरत होती, ते हेच होतं. एक माणूस आणि एक खरं कारण. कारण फालतू होतं, भित्रं होतं, पण खरं होतं.

"मंग आता तोंडानं सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"ऊठ म्हना. मशीन म्हनते असं नाई. तुमी म्हना."

पंजाबरावांनी रुमालानं मान पुसली. त्यांना ते म्हणवत नव्हतं आणि बाहेर रांग थांबली होती. शेवटी ते म्हणाले, "ऊठ, सत्यशीला."

ती उठली. माणसाच्या तोंडून ऐकलं की आतली आग निवेल, असं तिला वाटलं होतं. निवली नाही. उलट इतके दिवस न आलेलं रडू आता आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती खाली वाकून उगाच चपला शोधत राहिली. डबा उचलला. वैष्णवीला खुर्चीकडे हात केला, "बस. खिडकीची कडी अडकते, वर उचलून वढजो."

पंजाबराव तिच्या मागोमाग फाटकापर्यंत आले. उन्हात उभं राहून त्यांनी हातही जोडले. "राग नोको धरू मनात, सत्यशीला."

"धरीन," ती म्हणाली. "तुमच्यावर धरता तरी येते."